नसण्याची नोंद

बागेत पक्षी ओळखायला शिकणाऱ्या माणसाच्या तोंडी पहिले काही महिने एकच वाक्य असते: 'हा तो नव्हे.' डोक्यावर तुरा आहे, पण गालावर लाल ठिपका नाही. म्हणजे शिपाई बुलबुल नव्हे. अंग काळेभोर आहे, पण शेपटी दुभंगलेली नाही. म्हणजे कोतवाल नव्हे. मान राखी नाही आणि चोच चांगलीच जाड आहे. म्हणजे रोजचा गावकावळा नव्हे. असे नकार ओलांडत ओलांडत माणूस एकेका होकाराशी येतो: लालबुड्या बुलबुल, नर कोकीळ, डोमकावळा. सलीम अलींचे १९४१ साली निघालेले भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक घ्या की मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' घ्या, पाने उलटताना आपण मनातल्या मनात हेच करत असतो. एकेक पक्षी बाजूला सारत जातो आणि शेवटी जो उरतो त्याला नाव देतो.

आपल्याकडच्या तर्कशास्त्राने या नकाराला फार मानाची जागा दिली आहे. वैशेषिकांच्या परंपरेत द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय यांच्या पंक्तीला सातवा पदार्थ येऊन बसला, तो अभाव. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त, म्हणजे न्याय शिकणाऱ्याच्या पहिल्या पुस्तकात, त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. एक वस्तू म्हणजे दुसरी वस्तू नव्हे, हा अन्योन्याभाव. वस्तू अस्तित्वात येण्यापूर्वीचा तो प्रागभाव. ती नष्ट झाल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव. आणि जिथे ती कधीच नव्हती व कधीच नसेल, तिथला अत्यंताभाव. शास्त्री मंडळी ही चर्चा घट आणि पट यांच्या उदाहरणांनी करतात. मला ती पक्ष्यांच्या उदाहरणांनी अधिक नीट समजली. या चर्चेतला एक नियम तर पक्षी पाहणाऱ्या प्रत्येकाने गाठीला बांधून ठेवावा असा आहे. ज्याचा अभाव सांगायचा, त्याला नैयायिक प्रतियोगी म्हणतात. आणि प्रतियोगी आधी माहीत असल्याशिवाय त्याचा अभाव कळत नाही. घडा म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, त्याला जमिनीवर घडा नाही हेही दिसत नाही.

पुण्याच्या रेसकोर्सजवळची एम्प्रेस गार्डन ही असे धडे घ्यायला चांगली जागा. जुनी, उंच गेलेली झाडे, त्यांना विळखे घालून चढलेल्या गारंबीच्या अवाढव्य वेली, खाली पडलेला पाचोळा आणि मधूनच मोकळी हिरवळ. इथे दिसणाऱ्या बहुतेक पक्ष्यांसाठी कुणी लांबून प्रवास करून येणार नाही. साळुंकी, पोपट, पारवे, होले, बुलबुल, दयाळ, तांबट, शिंजीर, शिंपी, सातभाई, घारी, कावळे. कुठल्याही जुन्या, झाडे राखलेल्या बागेत थोड्याफार फरकाने हीच मंडळी भेटतात. तरीही ती एकमेकांपासून वेगळी काढायला बराच काळ जातो.

शिंपी आणि राखी वटवट्या यांचेच पाहा. दोघे अंगठ्याएवढे, दोघांच्या शेपट्या उभ्या, दोघेही झुडपांच्या तळाशी किडे टिपत फिरणारे. शिंप्याची पाठ हिरवट आणि कपाळावर तांबूस टोपी; राखी वटवट्याचे डोके पाटीच्या रंगाचे, पोट फिकट बदामी आणि डोळा तांबडा. झुडपात दोघेही अर्धेमुर्धेच दिसतात, त्यामुळे रंग पुरेसा उपयोगी पडत नाही. मग कान मदतीला येतो. शिंपी एवढ्याशा देहाला न शोभणाऱ्या मोठ्या आवाजात एकच शब्द ठणकावत राहतो. वटवट्या एका झुडपातून दुसऱ्यात झेपावताना विजेच्या ठिणग्या उडाव्यात तशी बारीक कटकट ऐकू येते. ती एकदा कानात बसली की मग पानाआडचा पक्षी पाहण्याची गरजही उरत नाही.

या राखी वटवट्याचा शास्त्राशी परिचय दख्खनमध्येच झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातले अधिकारी विल्यम हेन्री साइक्स १८२०च्या दशकात मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करत हिंडत होते. जमीन, पिके, लोकसंख्या यांच्याबरोबर त्यांनी इथल्या पक्ष्यांचीही नोंद केली आणि १८३२ साली ती लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या कामकाजात छापून आली. राखी वटवट्या, पाण्याकाठी ध्यान लावून बसणारा ढोकरी म्हणजे वंचक, आणि पुण्याच्या माळा-बागांतून टोळीने फिरणारा मोठा राखी सातभाई, या तिघांच्या शास्त्रीय नावांपुढे आजही साइक्स आणि १८३२ असे लिहिले जाते. सातभाईला त्यांनी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचे नाव दिले. तोवर हे पक्षी इथल्या माणसांना अपरिचित होते असे मुळीच नाही. शेतकऱ्याला, फासेपारध्याला, गुराख्याला ते नीट ठाऊक होते. साइक्सने केले ते इतकेच, की हा पक्षी त्या पक्ष्याहून वेगळा आहे हे लिहून ठेवले. आणि लिहून ठेवल्यामुळे जवळजवळ दोनशे वर्षांनंतरही आपल्याला सांगता येते की तो तेव्हा इथे होता.

त्या काळी हा भेद पक्षी मारून, हातात घेऊन ठरवला जाई. कातडी, पिसे, चोचीची लांबी यांवरून नाव ठरे. अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसन यांनी १९३४ साली आपल्या पुस्तकात चित्रातल्या नेमक्या खुणांकडे बाण काढून दाखवले आणि जिवंत पक्षी लांबूनच ओळखण्याची रीत सामान्य माणसाच्या हाती आली. बंदुकीची जागा दुर्बिणीने घेतली. पक्षी आता ओळखला जाऊनही फांदीवर राहतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटू शकतो. ओळख या गोष्टीला खरा अर्थ आला तो इथून, कारण एकदाच भेटलेल्याची ओळख होत नाही, फक्त माहिती मिळते.

अन्योन्याभावाची सर्वांत कठीण परीक्षा पावशा घेतो. उन्हाळा तापला की त्याची चढत जाणारी हाक सुरू होते. शेतकऱ्याच्या कानाला ती 'पेरते व्हा' अशी ऐकू येते. आवाज ओळखायला सोपा, पण पक्षी दिसला की गोंधळ ठरलेला. वरून राखी, छातीवर तांबूस झाक, शेपटीवर आडवे पट्टे, उडण्याची ढब आणि फांदीवर उतरण्याची रीतसुद्धा थेट शिक्र्याची. शिक्रा शिकारी पक्षी. पावशा किडे आणि सुरवंट खाणारा. अशा वेळी चोच पाहावी. शिक्र्याची आखूड आणि आकडीसारखी वळलेली, पावशाची सरळसर. पण हा फरक दुर्बीण लावणाऱ्याला सुचतो. झुडपातल्या लहान पक्ष्यांना तेवढी उसंत कुठली? पावशा दिसताच ते शिक्रा आल्यासारखा कल्ला करतात. पावशाची मादी सातभाईच्या घरट्यात अंडी घालते, आणि ससाण्या-शिक्र्यासारखे दिसणे कोकीळ कुळातल्या पक्ष्यांना यजमानांना बिचकवण्यासाठी उपयोगी पडते असे अभ्यासकांना आढळले आहे. म्हणजे हा भेद ओळखता येणे किंवा न येणे यावर सातभाईच्या टोळीचे पुढचे पिल्लू कुणाचे असेल हे अवलंबून असू शकते. तर्कशास्त्राच्या पाठात एरवी कोरडा वाटणारा अन्योन्याभाव इथे वंश चालणे-न चालणे ठरवतो.

आणि कधी कधी निसर्गच आपल्याला सांगतो की भेदाची रेघ तुम्ही समजता तेवढी ठळक नाही. हिवाळ्यात बागेतल्या उंच झाडांच्या पानांतून दिवसभर 'चि-विट, चि-विट' असा टोकदार आवाज येत असतो. शेंड्याकडे मान वर करून पाहिले तर चिमणीहूनही लहान, मळकट हिरवा एक जीव पानापानाखाली चोच घालताना दिसतो. डोळ्यावर फिकट भुवई आणि पंखावर एक पुसट रेघ. हा हिरवट पर्णवटवट्या. वजन सात-आठ ग्रॅम, आणि उन्हाळ्यातले घर हिमालयात किंवा त्याच्याही पलीकडे मध्य आशियात. तिबेटच्या पठाराभोवती या पक्ष्याची वस्ती कड्यासारखी पसरली आहे. कड्यावरून पुढे जात राहिले तर शेजारच्या दोन वस्त्यांतले पक्षी एकमेकांना आपले मानतात. गाणे थोडे थोडे बदलत जाते, पिसाऱ्यातही बारीक फरक पडत जातो. पण कड्याची दोन टोके सायबेरियात एकमेकांना भेटतात तेव्हा तिथले पक्षी एकमेकांच्या गाण्याला ओळख देत नाहीत आणि जोडीही जमवत नाहीत. एका टोकाच्या पंखावर एक रेघ, दुसऱ्याच्या पंखावर दोन. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांनी या कड्यात पूर्वी काही ठिकाणी खंड पडले होते असे दाखवले आहे, पण मूळ प्रश्न तसाच उभा आहे: 'हा' संपून 'तो' नेमका कुठे सुरू झाला? मला वाटते, भेद करायला शिकलेल्या माणसाने हा प्रश्न जवळ बाळगावा. त्याने भेद खोटे ठरत नाहीत, पण नाव देणाऱ्याच्या मनात थोडी नम्रता येते.

याच पर्णवटवट्याने मला प्रागभाव शिकवला. ऑगस्टमध्ये बाग हिरवीगार असते, झाडांवर किडे भरपूर असतात, पण तो आवाज नसतो. ज्याने तो कधी ऐकलेला नाही त्याच्यासाठी ऑगस्टची बाग पूर्ण आहे. ज्याने ऐकला आहे त्याच्यासाठी तिच्यात एक रिकामी जागा आहे. पावसाळा सरता सरता धोबी हिरवळीवर शेपटी हलवत फिरू लागतो, मध्य आशियाकडून भोरड्यांचे थवे येऊन आकाशात वळसे घेतात आणि पानांत पुन्हा 'चि-विट' सुरू होते. उलट चातक आफ्रिकेतून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो आणि त्याचा प्रागभाव उन्हाळ्याच्या शेवटी संपतो. नैयायिक सांगतात, प्रागभावाला आरंभ नसतो, पण अंत असतो. वाट पाहणे या मानवी अनुभवाचे इतके नेमके वर्णन मला दुसरीकडे सापडलेले नाही. पक्ष्यांची वाट पाहता येण्यासाठी त्यांची ओळख हवी. अनोळखी माणसाची कुणी वाट पाहत नाही.

पण न दिसणे म्हणजे नसणे असे लगेच म्हणता येत नाही. अनुपलब्धी हे ज्ञानाचे स्वतंत्र साधन मानणाऱ्या भाट्ट मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी त्याला एक अट घातली: ती योग्य अनुपलब्धी हवी. वस्तू तिथे असती तर ती नक्कीच जाणवली असती, अशी परिस्थिती असली पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून तो नाही असे ठरत नाही. बागेत ही अट पावलोपावली आठवते. वसंतात कोकीळ ओरडू लागला की 'कोकीळ आला' असे आपण म्हणतो, आणि पुढे तो गप्प झाला की गेला असे समजतो. वास्तविक तो बहुधा इथेच असतो, दाट पानांत फळे खात, तोंड मिटून. दयाळाचेही तसेच. फेब्रुवारीपासून पहाटे शेंड्यावर बसून तासन् तास गाणारा हा काळा-पांढरा पक्षी हिवाळ्यात बहुतेक मुका असतो. डिसेंबरात त्याचे गाणे ऐकू आले नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. एप्रिलच्या पहाटे ऐकू आले नाही, तर मात्र विचार करायला हवा. कुठल्या वेळी, कुठल्या झाडावर, कुठल्या आवाजात कोण सापडायला हवे हे ज्याला ठाऊक आहे त्याच्याच 'नाही' या शब्दाला वजन असते.

हे वजन किती मोलाचे असू शकते ते गिधाडांनी दाखवले. पांढऱ्या पाठीचे गिधाड १९८०च्या दशकात जगातल्या मोठ्या शिकारी पक्ष्यांत बहुधा सर्वाधिक संख्येने असलेले मानले जाई. गावाबाहेर जनावर टाकले की थोड्या वेळात ती उतरत. इतक्या सवयीच्या पक्ष्याची मोजदाद कोण ठेवणार? भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी ती ठेवली होती. काही वर्षांनी पुन्हा मोजताना त्यांना घरटी रिकामी आणि गिधाडे मेलेली आढळली, आणि त्यांनी १९९९ साली ही घसरण छापून जगापुढे मांडली. कारण कळायला २००४ साल उजाडले. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करत होते. २००६ साली भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांच्या हिशेबात या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. आधीची मोजदाद हाती होती, म्हणूनच दुसऱ्या मोजणीचा अर्थ लागला. जे सर्वत्र होते त्याची नोंद ठेवणारा माणूस तेवढ्यापुरता वेडगळ ठरला असेल. तीच नोंद पुढे एका संपूर्ण जातीच्या बाजूने साक्षीला उभी राहिली.

चिमणीची गोष्ट याच्या बरोबर दुसऱ्या टोकाची. चिमण्या संपल्या अशी हळहळ गेली कित्येक वर्षे आपण करतो आहोत, लेख लिहितो आहोत, सभा घेतो आहोत. भारतातल्या पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२० साली जो देशव्यापी अहवाल निघाला, त्याने सांगितले की मोठ्या महानगरांत चिमणी घटली आहे, पण देशभराचा विचार केला तर तिची संख्या साधारण स्थिर आहे. आपली हळहळ खोटी नव्हती. आपल्या गॅलरीतून ती खरोखरच गेली होती. फक्त आपण आपल्या गॅलरीचा अभाव सगळ्या देशावर पसरवला. आणि त्याच काळात ज्यांच्यासाठी कुणी हळहळले नाही असे कितीतरी पक्षी मुकाट्याने कमी होत गेले. त्याच मालिकेतल्या २०२३च्या अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल सांगण्याइतक्या नोंदी होत्या, त्यांतल्या साठ टक्के जाती घटलेल्या आढळल्या. कोकीळ आणि मोर वाढले. नीलकंठासारखा तारेवर बसणारा, सर्वांच्या डोळ्यांसमोरचा पक्षी ओसरला. प्रेम एका पक्ष्यावर जडले तरी हरकत नाही, पण लक्ष सगळ्यांवर असायला हवे.

हा अहवाल ज्या नोंदींवर उभा आहे, त्या तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या आहेत. त्यांतले बहुतेक व्यवसायाने शास्त्रज्ञ नाहीत. ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना शेवटी एक प्रश्न विचारला जातो: तुम्हाला ओळखता आलेल्या सगळ्या पक्ष्यांची ही पूर्ण यादी आहे का? नवख्याला तो उपचारापुरता वाटतो. पण सगळा अर्थ त्याच प्रश्नात साठलेला आहे. यादीत फक्त धनेश आणि हळद्या लिहिले, कावळे, पारवे, साळुंक्या वगळल्या, तर त्या यादीतून त्या दिवशी धनेश होता एवढेच कळते. पूर्ण यादी मात्र आणखी एक गोष्ट सांगते: जो लिहिलेला नाही, तो या माणसाला या वेळेत आढळला नाही. अशा हजारो याद्या एकत्र आल्या की कोण विरळ होत चालले ते दिसू लागते. मीमांसकांची योग्य अनुपलब्धी इथे सामान्य माणसांच्या वह्यांतून आकाराला येते. अट एकच. यादी करणाऱ्याला सगळे साधेसुधे पक्षी ओळखता आले पाहिजेत, कारण ज्याला राखी वटवट्या ठाऊकच नाही, त्याने वटवट्या लिहिला नाही याचा अर्थ काहीच होत नाही.

अत्यंताभावावर फार रेंगाळायचे कारण नाही. माळढोक एम्प्रेस गार्डनमध्ये कधी येणार नाही. त्याला उघडा, गवताळ, दूरवर नजर जाणारा माळ लागतो. बागेत तो नाही ही बागेची उणीव नव्हे. पण झाडे लावण्याच्या उत्साहात आपण माळही झाडांनी भरून काढले, तर जिथे तो होता तिथेही त्याचा अभाव निर्माण करू. प्रत्येक जागेचे असणे आणि नसणे वेगळे असते, हे कळणेही ओळखीचाच भाग आहे.

बागेतले काही अभाव मात्र आपणच रोज सकाळी खराट्याने घडवतो. वाळकी फांदी धोक्याची म्हणून सरसकट छाटली की तांबटाला घरट्यासाठी ढोली कोरायला जागा राहत नाही आणि पिंगळ्याला दिवसा बसायला बीळ उरत नाही. पाचोळा झाडून जाळला की तो उलटेपालटे करून किडे शोधणारी सातभाईंची टोळी दुसरीकडे वळते. झुडपे कातरून भिंतीसारखी केली की शिंप्याला शिवायला मोठी पाने मिळत नाहीत. माणसांच्या वाटेवरची धोक्याची फांदी काढावीच लागते. पण कोपऱ्यातल्या एखाद्या वठलेल्या झाडाला, एखाद्या न झाडलेल्या तुकड्याला बाग सांभाळणाऱ्यांकडून अभय मागता येते. ते मागायला पुन्हा ओळखच लागते. 'पक्ष्यांसाठी काही तरी करा' या विनंतीने काही होत नाही. 'या फांदीत तांबटाचे घरटे आहे' या वाक्याने फांदी वाचते.

प्रध्वंसाभावाला आरंभ असतो, अंत नसतो, असे शास्त्र म्हणते. फुटलेला घडा पुन्हा तोच घडा होत नाही. बागेपुरते मात्र हे शेवटचे वाक्य नाही. इथून गेलेली जात दुसरीकडे शिल्लक असेल, तर कारण दूर केल्यावर तिला परतायला वाट असते. पिंजोरच्या प्रजनन केंद्रात वाढवलेली गिधाडे अलीकडे आपल्या पेंच आणि ताडोबात आणली गेली, ती याच आशेने. एखादा पक्षी विरळ होऊ लागल्यापासून तो पुरता नाहीसा होईपर्यंत मध्ये काही वर्षे असतात, आणि जे काही करायचे ते त्याच वर्षांत करता येते. तो विपुल असताना ज्याने त्याला ओळखले होते, त्यालाच ती वर्षे सुरू झालेली कळतात. बाकीच्यांना कळते तेव्हा ती सरलेली असतात.

म्हणून साधे पक्षी ओळखायला शिकावे, मुलांना शिकवावे आणि लिहून ठेवावे. दुर्मीळ पक्ष्याला साक्षीदार पुष्कळ मिळतात. त्याच्यासाठी माणसे पहाटे उठून कोसच्या कोस जातात. कावळा, होला, बुलबुल, साळुंकी यांना मात्र कुणी साक्षीदार नाही. पाच नोव्हेंबर हा चितमपल्लींचा जन्मदिवस आणि बारा नोव्हेंबर हा सलीम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षिसप्ताह म्हणून पाळला जातो. त्या आठवड्यात जवळच्या बागेत जाऊन पाव तास उभे राहावे आणि जे जे ओळखता येईल ते संख्येसह लिहावे, कावळ्यापासून सुरुवात करून. पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा लिहावे. पहिली यादी फारच साधी दिसेल. पण 'कमी झाले' हा शब्द खरेपणाने उच्चारण्याचा अधिकार त्या साध्या यादीतूनच मिळतो.